कर्नलच्या वर्षीची भाऊबीज

"आवाज कमी करा हो त्याचा," आक्का म्हणाली. "पानं वाढलीत."

दाजींनी रिमोट उचलला नाही, आणि मीही नाही. गौरीजेवणाचा दिवस होता, मी थोरल्या बहिणीकडं आलो होतो. दाजी, त्यांचा मुलगा मंदार आणि मी असे तिघं पानांवर बसलो होतो, पुरणपोळ्या निवत होत्या आणि टीव्हीवर कर्नल बोलत होते.

कर्नल म्हणजे तेव्हाचे नवे पंतप्रधान. फौजेतून निवृत्त होऊन राजकारणात आले आणि त्याच उन्हाळ्यात निवडून येऊन थेट वरच्या खुर्चीवर बसले. त्यांना नावानं कुणी ओळखतच नसे. डोक्यावर घेणारेही कर्नल म्हणायचे आणि दात खाणारेही कर्नलच म्हणायचे, फक्त म्हणायची तऱ्हा वेगळी. मी डोक्यावर घेणाऱ्यांतला.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं की अठरा ते एकवीस वयाच्या प्रत्येक मुलाला दोन वर्षं सक्तीची राष्ट्रसेवा करावी लागेल. रस्ते, पूल, सरहद्दीवरच्या छावण्या, जिथं पाठवतील तिथं. त्यासाठी कायदा येणार होता.

"वा!" मी म्हणालो.

"यात वा काय आहे?" दाजींनी विचारलं. दाजी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी जेवायला चल म्हटलं तरी तोंडी परीक्षेला बोलावल्यासारखं वाटायचं.

"शिस्त लागेल की पोरांना. दिवसभर मोबाइल घेऊन लोळत असतात."

"आणि सरहद्दीवर काही कमीजास्त झालं म्हणजे?"

"काही होत नाही दाजी. पाठवा की मंदारला. माणूस होऊन येईल."

मंदार माझ्या शेजारी बसला होता. एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा पोळीचा घास हातातच राहिला. आक्का तूप वाढत होती, तीही थांबली.

"विसू, माझा एकुलता एक आहे तो."

"प्रत्येकाचा कुणीतरी असतोच ना आक्का? सगळ्या आया असंच म्हणाय लागल्या तर झालंच. दाजींनी जन्मभर खडू धरला, आता ह्यानं पदराआड बसायचं. कातडी वाचवायची सवयच लागली ह्या घराला."

हे बोललो तेव्हा मला फार शूर वाटलं होतं. दाजींनी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि खाली मान घालून जेवायला लागले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. आक्कानं तुपाची वाटी खाली ठेवली.

"तुझं एखादं असतं तर असं बोलला नसतास," ती म्हणाली.

आमचं एक होऊ घातलं होतं. माझी बायको रेखा सातव्या महिन्यात आक्काकडे बार्शीला आली होती आणि आतल्या खोलीत ते गेलं. मी लातूरहून येईपर्यंत आक्कानं सगळं निस्तरलं होतं, मला काही दिसू दिलं नव्हतं. पुढं आम्हाला मूल झालं नाही, आणि त्या वर्षी रेखा जाऊनही तीन वर्षं झाली होती. हे वाक्य जगात कुणीही बोललं असतं तरी मी गिळलं असतं. आक्कानं बोलायला नको होतं.

मी पानावरून उठलो.

"विसू, बस. तोंडातनं गेलं माझ्या. बस म्हणते ना!"

मी हातसुद्धा धुतला नाही. चपला घातल्या. दारापाशी तिचा जळालेला मिक्सर पिशवीत भरून ठेवला होता, दुरुस्तीला न्यायचा म्हणून. तो मात्र उचलला. मोटार वायंडिंगचा धंदा माझा. रागातसुद्धा काम हातचं सुटत नाही.

लातुरात बार्शी रोडला माझं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत मी. रेखा गेल्यावर संध्याकाळी शटर ओढलं की बोलायला कुणी नसायचं. दिवसभर पंखे, पंप, मिक्सर यांच्याशी काय बोलणार? म्हणून समोरच्या हणमंताच्या हॉटेलात जाऊन बसायला लागलो. तिथं निवडणुकीच्या आधीपासून कर्नलची माणसं जमत. पाच-सात जण, कुणी टायरवाला, कुणी सिमेंटचा, एक निवृत्त तलाठी. पहिल्याच आठवड्यात हणमंतानं माझ्या शर्टाच्या खिशाला कर्नलचा बिल्ला लावला आणि म्हणाला, "आता तुम्ही आपले." मला खरंच भरून आलं होतं. कर्नलची धोरणं मला किती कळत होती देव जाणे, पण रोज संध्याकाळी सात वाजता पाच माणसं माझी खुर्ची राखून ठेवत होती. आपण, आपलं, आपल्या माणसांनी असं बोलायला मिळत होतं. एकट्या माणसाला त्याची किती भूक असते ते भरल्या घरातल्यांना नाही कळायचं.

गौरीजेवणाची हकिकत मी हॉटेलात सांगितली, अर्थात बाळाचं सोडून. हणमंत म्हणाला, "देश कळत नाही त्यांच्याकडं जायचं कशाला? सोडा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दसरा गेला. ना तिचा फोन, ना माझा. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, म्हणजे आई म्हणून मला जे काही आठवतं ते बरंचसं आक्काच आहे. तिच्या लग्नानंतर एकही भाऊबीज मी चुकवलेली नव्हती. एकदा तापानं फणफणलो होतो तरी ट्रकमध्ये बसून गेलो होतो. आता मात्र मी स्वतःला बजावत होतो की ह्या वर्षी तिनं बोलावल्याशिवाय जायचं नाही. मिक्सरची कॉइल भरून झाली होती. रोज एकदा तो चालवून बघायचो आणि परत फळीवर ठेवायचो.

दिवाळीच्या तोंडावर सेवेचा कायदा मंजूर झाला. हणमंतानं चहा फुकट वाटला. मी दोन कप प्यालो.

भाऊबीज उजाडली. सकाळी हॉटेलात गेलो तर कुलूप. हणमंत बहिणीकडं निलंग्याला. टायरवाल्याकडं त्याच्या तिघी बहिणी आलेल्या, दारात चपलांचा ढीग. तलाठीअण्णा नातवाला घेऊन मुलीकडं गेलेले. देश सगळ्यांना कळत होता, पण त्या दिवशी सगळे आपापल्या बहिणीकडं होते. मी दुकानाचं शटर अर्धं वर करून बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. फोन दोनदा वाजला. एकदा कंपनीचा, एकदा चुकून लागलेला. दुसऱ्या वेळी तर मी "आक्का" म्हणूनच उचलला होता.

एक वाजता मी मिक्सर पिशवीत घातला. मनाशी ठरवलं, आपण भाऊबीजेला चाललेलो नाही. गिऱ्हाइकाचा माल पोचवायला चाललोय. पैठणी नव्हती, पण एक बरी सुती साडी घेतली आणि मिक्सरच्या भांड्यात घडी करून कोंबली, म्हणजे स्वतःलाही दिसायला नको.

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या मांडीवर फराळाचा डबा नाहीतर साडीचं खोकं. मुरूडला एक बाई चढल्या, पन्नाशीच्या, त्यांना मी जागा दिली. त्यांचे चार भाऊ कुर्डुवाडीला होते. भाऊ इकडं येऊ शकत नव्हते म्हणून त्याच निघाल्या होत्या. माझ्या खिशाकडं बघून म्हणाल्या, "कर्नलचे का तुम्ही?"

"हो."

"माझं पोरगं बारावीला आहे," एवढंच बोलल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मागून एक म्हातारा म्हणाला, "लई चांगलं केलं कर्नलनं. आमच्या गावातली पोरं निस्ती पारावर बसून असत्यात."

"तुमचं कुणी जाणार आहे का आजोबा?" कुणीतरी विचारलं.

"माझं कुणी न्हाई बा त्या वयाचं."

गाडी हसली. मी हसलो नाही. कंडक्टर ओरडला, "राजकारण खाली उतरून करा, सुटे पैसे काढा."

येडशीच्या अलीकडं गाडी थांबली ती थांबलीच. पुढं रस्ताभर मोटारसायकली, झेंडे, हलगी. कायदा झाला म्हणून कर्नलच्या माणसांची विजयफेरी निघाली होती आणि चौकात भाषणं चालली होती. दहा मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास. पोरं रडायला लागली. चार वाजून गेले. बारावीवाल्या बाई माझ्याकडं वळल्या.

"दादा, तुमचीच माणसं आहेत ना? सांगून बघा की जरा. गाडीभर बहिणी-भाऊ आहेत."

मला ते पटलं. मी रुबाबात उतरलो. चौकात जाऊन बिल्ला पुढं केला आणि एका झेंडेवाल्याला म्हणालो, "मी लातूरचा, आपलाच. एसटी तेवढी सोडा. भाऊबीज आहे."

तो पंचवीस-सव्वीसचा असेल. मला मिठी मारून म्हणाला, "काका, भाऊबीज दरवर्षी येती. असा दिवस परत येणार आहे का?" आणि ओंजळभर गुलाल माझ्या डोक्यावर टाकला. आजूबाजूच्यांनी कर्नलचा जयजयकार केला. कुणीतरी माझा हात धरून नाचायला ओढलं. एरवी मी नाचलोही असतो. महिनाभरापूर्वी लातुरात अशाच एका फेरीत नाचलो होतोच, आणि तेव्हा आमच्यामागं किती गाड्या थांबल्या होत्या ते मी वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

गाडीत परत चढलो तर सगळे गप्प झाले. डोकं, कान, शर्ट गुलालानं माखलेला. त्यांना वाटलं, हा साजरं करून आला. बाईंनी पाय आखडून घेतले.

"नाही ऐकत," मी म्हणालो.

"बसा बसा," एक तरुण म्हणाला, "तुमचंच राज्य आहे."

मी बसलो नाही. बसायला जागाच नव्हती. दांड्याला धरून बार्शीपर्यंत उभा राहिलो आणि खिशावरचा बिल्ला काढून मुठीत धरला. तो टाकायचंही धाडस होईना आणि परत लावायचंही.

बार्शीला उतरलो तेव्हा सूर्य बुडाला होता. स्टँडवरच्या नळावर डोकं धुतलं, शर्ट झटकला. गुलाल निघाला नाही, नुसता पसरला. मग आक्काच्या गल्लीकडं जवळजवळ पळतच निघालो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. आधी दाजींच्या पाया पडायचं. "दाजी, मी फार वाईट बोललो" म्हणायचं. मग मिक्सर पुढं करायचा. आक्का रडणार, मी रडणार, दाजी घसा खाकरून चहा टाका म्हणणार. गिऱ्हाइकाचा माल वगैरे सगळं मागं येडशीतच राहिलं होतं. मला आक्का पाहिजे होती, बस्.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि वर बघितलं.

आक्का गच्चीवर उभी होती. हातात ताट, ताटात निरांजन. नवी साडी नेसलेली, डोक्यावरून पदर. पश्चिमेला घरांच्या वर बीजेची कोर अगदी खाली आली होती आणि आक्का त्या कोरीला ओवाळत होती.

मी जिथल्या तिथं उभा राहिलो.

भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते. आमच्या लहानपणी शेजारच्या काशीबाई अशाच अंगणात उभ्या राहायच्या. मी आक्काला विचारलं होतं, ह्या असं का करतात? आक्का म्हणाली होती, "त्यांना भाऊ नाही ना रे. मग चंद्राला भाऊ मानायचं." मला तेव्हा त्यांची फार कीव आली होती.

आणि आता आक्का. मी जिवंत, धडधाकट, शंभर पावलांवर उभा, आणि तिनं चंद्राला भाऊ करून टाकलं. तिनं ताट तीनदा फिरवलं, मग अक्षता टाकल्या. हात जोडून किती वेळ उभी राहिली. मला वाटलं, कुणी श्राद्ध घालावं आणि ते ज्याचं त्यानंच बघावं. तोंडातून गेलं म्हणाली होती ना? हे काय मग, हातातून गेलं? राग आला, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली, गुलाल फासून पिशवी घेऊन आपण कुणाच्या दारात आलोय याची.

हाक मारायला दोन अक्षरं लागली असती. मी मारली नाही. आक्का जिन्याकडं वळली, दिसेनाशी झाली, आणि मी वळून स्टँडवर गेलो.

लातूरची गाडी रिकामी होती. सगळे पोचले होते.

दुसऱ्या दिवशी हणमंतानं विचारलं, "गेला होता का बहिणीकडं?"

"छे," मी म्हणालो.

मिक्सर आणि साडी महिनाभरानं एसटीच्या पार्सलनं पाठवून दिली. चिठ्ठी टाकली नाही. पोचल्याचं कळवायला मंदारचा फोन आला, तिचा नाही. तो मेमध्ये सेवेला जाणार होता. "काळजी घे," म्हणालो. आणि फोन ठेवून दिला.

मंदार दोन वर्षं सरहद्दीवरच्या रस्त्यांच्या कामावर होता. काळाठिक्कर पडून, खांदे रुंद करून सुखरूप परत आला. त्याला तिथलं जगणं आवडलं, हे आक्काला कधी पचलं नाही. आणि त्याच्या तुकडीतला सोलापूरचा एक मुलगा दरड कोसळून गेला, ते मला पचलं नाही. बरोबर कोण होतं ते मला आजही सांगता यायचं नाही. कर्नल पाच वर्षं राहिले आणि गेले. हॉटेलातल्या खुर्च्या तशाच राहिल्या, भिंतीवरचा फोटो बदलला. हणमंतानं नवा बिल्ला पुढं केला तेव्हा मी म्हणालो, शर्टाला भोकं पडतात. त्यानंतर माझी खुर्ची कुणी राखली नाही. संध्याकाळी खोलीत बसून मी जुन्या मोटारींची तांब्याची तार सोडवत बसायचो.

एवढ्या वर्षांत एकही भाऊबीज मी केली नाही. त्या दिवशी मी दुकान पूर्ण उघडं ठेवायचो, मुद्दाम.

सहाव्या वर्षी धनत्रयोदशीला मंदारचा पुण्याहून फोन आला.

"मामा, आईला श्रावणात झटका येऊन गेला. डावी बाजू. तुम्हाला कळवू नको म्हणाली होती. आता वसुबारसेपासून दारात खुर्ची टाकून बसतीय. विचारलं तर म्हणती वारा खाते."

भाऊबीजेला सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. येडशीचा चौक मोकळा होता. दुपारी बाराच्या आत तिच्या दारात उभा होतो.

आक्का खुर्चीत होती. एवढीशी झाली होती. मला बघून तिचं तोंड एका बाजूनं हललं.

"वाळलास की रे," ती म्हणाली. शब्द जड येत होते. "जेवलास का?"

दाजी आतून आले. मी वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "दाजी, मी त्या दिवशी…" म्हणालो, तर म्हणाले, "पोळ्या शेजारणीनं करून दिल्यात. बस. ह्या वेळी पानावरून उठायचं नाही." त्यांचा तो पहिला विनोद असावा.

दुपारभर आम्ही तिघं बोलत होतो. मंदारची नोकरी, औषधं, रेखाच्या आठवणी. त्या भाऊबीजेचा विषय कुणी काढला नाही. मी मनात म्हणत होतो, हिनं मला मेलेला धरलं आणि मी तिला टाकलं. फिट्टंफाट झाली. आता कशाला उकरायचं?

ऊन उतरलं तशी आक्का चुळबुळ करायला लागली. "विसू, मला गच्चीवर ने."

"कशाला आता? दमशील."

"चंद्र बुडेल ना. ओवाळायचं आहे."

"आक्का, मी आलोय की," मी हसत म्हणालो, पण आतून काहीतरी टोचलं. "आता चंद्र कशाला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी अजून सहा वर्षांचाच आहे. "अरे, आधी चंद्राला ओवाळायचं, मग भावाला. दरवर्षी करते की मी. आईसुद्धा तसंच करायची. तू पाटावर बसून भूक लागली, भूक लागली म्हणून ओरडायलेला असायचास. तुला वाटायचं मी आत ताट शोधायले."

मी दाजींकडं बघितलं. "असंच करते ती," दाजी म्हणाले. "मी कधीचा बघतो."

तीसेक वर्षं मी त्या पाटावर बसलो होतो. ताट समोर यायच्या आधी ती कुठं जाऊन येते, हे एकदासुद्धा विचारलं नव्हतं.

मी तिला उचलूनच वर नेलं. वजन म्हणाल तर पाण्याच्या पंपापेक्षा कमी. दाजींनी ताट जिन्यापर्यंत आणून दिलं, त्यांचे गुडघे पुढं चढू देईनात. तिला कठड्याला टेकवून उभी केली आणि खाली जाऊन ताट घेऊन आलो. वर वारा नव्हता. कोर दिसायला लागली होती. आक्काला एका हातानं ताट पेलेना, म्हणून दुसरी बाजू मी धरली. दोघांनी मिळून तीनदा फिरवलं. तिनं अक्षता टाकल्या.

"त्या वर्षीही असंच ओवाळलं," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "कर्नलच्या वर्षी. हे म्हणाले, येणार नाही तो, पानावरून उठून गेलेला माणूस. मी म्हटलं, येईल. चंद्राला ओवाळून घेतलं, तेच ताट घेऊन खाली गेले आणि दारात उभी राहिले. म्हटलं, आता एवढ्यात येतोय. दोनदा तेल घातलं निरांजनात."

मी ताट कठड्यावर ठेवलं. खाली गल्लीचं तोंड दिसत होतं. तिथून इथपर्यंत खरोखर शंभरच पावलं होती. ती जिना उतरत होती तेव्हा मी पाठ फिरवत होतो.

"आक्का, फोन का नाही केलास गं?"

"बोलावून आलेला भाऊ काय करायचाय?" ती म्हणाली. आणि मग, "फार राग आला होता तुझा. रात्रभर झोपले नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, येडशीला रस्ता अडवला होता म्हणून, गाड्या अडकल्या तासन् तास. तेव्हा मी ह्यांना म्हटलं, बघा. निघाला होता तो. माझा भाऊ घरी बसणाऱ्यातला नाही. अडकला असणार, उशीर झाला म्हणून तिथनंच माघारी गेला असणार. हे हसले मला. म्हणाले, समजूत घालून घेतेस. पण मी धरूनच बसले ते. इतकी वर्षं तेच धरून आहे."

तिनं उजव्या हातानं माझं मनगट पकडलं. पकड अजून घट्ट होती.

"निघाला होतास ना विसू? खरं सांग. येडशीला अडकला होतास ना?"

खरं सांग म्हणाली होती. खरं माझ्या जिभेवर होतं. आक्का, मी आलो होतो. त्या कोपऱ्यावर उभा होतो. तुला बघितलं आणि परत गेलो. एवढं बोललो असतो तर माझ्या छातीवरचं उतरलं असतं, आणि तिच्या छातीवर बसलं असतं. रस्त्यानं अडवलेला भाऊ तिनं सहा वर्षं जपून ठेवला होता. दारापर्यंत येऊन पाठ फिरवलेला भाऊ त्या एवढ्याशा बाईला कसा द्यायचा?

"हो आक्का," मी म्हणालो. "येडशीलाच अडकलो होतो."

तिचा अर्धा चेहरा उजळला. ती कठड्यावरून वाकली आणि आतल्या अंगणात उभ्या असलेल्या दाजींना, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ऐकलंत का हो? मी म्हटलं नव्हतं?"

"ऐकलं, ऐकलं," दाजी खालून म्हणाले. "आता त्याला पाटावर बसव."

त्यानंतर दोन भाऊबिजा मिळाल्या आणि आक्का गेली. दाजी म्हातारे झालेत. आजही घरी कुणी आलं की ते सांगतात, "हा आमचा विसू, त्या वर्षी येडशीला अडकला होता, हिनं आधीच ओळखलं होतं." मी शेजारी बसून मान हलवतो.